गोधडीचा घास

भिवंडी, शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

ताई,

फोन उचलायचा नाही असं तुम्ही ठरवलंय, तर पत्र लिहायचं असं मीही ठरवलंय. पोस्टावर माझा भरवसा नाही. आपला मोरू रोज पहाटे अकलोलीहून दूध घेऊन इकडे येतो आणि रिकामे कॅन घेऊन परत जातो, त्याच्या हाती हे देते आहे. तुम्ही पत्र घेतलं नाहीत तर तुम्ही जिच्याकडे राहायला गेलात त्या सुमाआत्याकडे द्यायचं असं त्याला बजावलंय. सुमाआत्या ते मोठ्यानं वाचेल आणि वाचता वाचता प्रत्येक वाक्यावर स्वतःचं मतही देईल. म्हणजे तुम्हीच वाचलेलं बरं.

आता मुद्द्याचं. झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी पुन्हा लिहिणार आहे, कारण तुम्ही ते चुकीचं लक्षात ठेवून गेलात. जाताना पायरीवरून म्हणालात, "माझ्या हातानं आईला विकलं मी." वन्सं, असलं काही घडलेलं नाही. (हो, आज मी तुम्हाला वन्सं म्हणणार. राग आला की मी तेच म्हणते, हे तुम्हाला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.)

घडलं ते असं. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, ही आईंनी लावलेली शिस्त. त्या आठवड्यात एकच दिवस उघडीप मिळाली. धुतलेली घरची गोधडी आणि विक्रीच्या गोधड्या एकाच गच्चीवर, एकाच दोरीवर पडल्या. विक्रीच्या गोधड्यांचा नमुना तुम्ही आईंच्या गोधडीवरूनच घेतलेला. तीच चौकडी, तेच काठ. संध्याकाळी ढग आले म्हणून आपण दोघींनी धावत जाऊन सगळं खाली आणलं, घड्या घातल्या आणि तुमच्या पद्धतीनं एकेक गोधडी पंचात गुंडाळून गाठ मारली. पंचेही सगळे एकाच ताग्यातले. दुसऱ्या दिवशी त्या नाशिकच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर निघाली. तुमच्या हाताला जे गाठोडं आलं ते तुम्ही खोक्यात घातलंत. माझ्या हाताला आलं असतं तर मीही तेच केलं असतं. शाळेत इतकी वर्षं शिवण शिकवलेल्या बाईनं गाठ सोडून बघायला हवं होतं, हे तुम्ही स्वतःला म्हणता आहात. मी म्हणत नाही. पार्वतीही म्हणत नाही. कामतघरच्या चाळीत बसून तीच तर आपल्या निम्म्या गोधड्या शिवते, म्हणायचा हक्क असेल तर तिचा.

मग त्या माणसाची तक्रार आली. "गोधडीच्या कोपऱ्यात काहीतरी टोचतं." सोबत फोटो. त्यानं कोपऱ्याचे टाके उसवले होते आणि आत तांदळाचे दाणे दिसत होते. फोटो बघून तुम्ही लगेच घरची गोधडी शोधायला उठलात. विक्रीच्या गोधडीला आपण घास भरवतच नाही. घास, म्हणजे एका कोपऱ्यात शिवलेले तांदळाचे दाणे, फक्त घरच्या गोधडीला. म्हणजे गेली ती आईंची. त्यांनी स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली शेवटची, जिच्यासाठी सुई तुम्ही ओवून देत होतात आणि टाके त्या चाचपत घालत होत्या.

पण आठवतं ना, त्या क्षणी आपण दोघी हसलो होतो! कारण गिऱ्हाईक ती परत करत होतं. देवानंच त्याला टोचलं म्हणालात तुम्ही. मी लगेच रिटर्न मंजूर केलं. पार्सलवाला दीपेश खोकं घेऊन आला तेव्हा नियमाप्रमाणे मी व्हिडिओ घेत होते. तुम्ही उघडलंत, आत आपलाच पंचा, तुमचीच गाठ. तुम्ही पंचाला हात लावून नमस्कार केलात. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे, पण मी पुन्हा बघितलेला नाही.

आणि आत ती छापील दुलई. ठिगळंसुद्धा शिवलेली नाहीत, कापडावर छापलेली.

त्यावर तुमचा भाऊ जे बोलला ते बोलायला नको होतं. "आईची एवढी एक वस्तू राहिली होती ताई, तीही विकलीस." मी त्याची बाजू घेत नाही. पण चोर नाशिकला बसलाय आणि तुम्ही दोघं भिवंडी आणि अकलोली वाटून घेऊन एकमेकांवर रुसलात, याला काय म्हणायचं?

मी त्या ऑनलाइन बाजाराकडे दावा टाकला आहे. विक्रेत्याच्या संरक्षणासाठी त्यांचं एक खातंच आहे म्हणे. होईल काहीतरी. तुम्ही जेवत जा. आत्याच्या हातचं तिखट असतं, पण जेवत जा.

तुमची,
निवेदिता

भिवंडी, मंगळवार, १४ ऑक्टोबर

ताई,

मोरूला विचारलं, "दिलंस का पत्र?" म्हणाला, "दिला ना वैनी." "वाचलं?" "म्हाईत न्हाय. पन उशीखाली ठेवलान. आत्या मागत व्हती, तिला न्हाय दिलान." ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्याला चहा दिला. माझा चहा तो कधी घेत नाही, पण काल घेतला.

आता एक कबूल करते. मागच्या पत्रात "दावा टाकला आहे, होईल काहीतरी" असं जे लिहिलं, ते लिहिताना दावा फेटाळला गेला होता. मी लिहिलं नाही. तुम्ही आत्याच्या ओट्यावर बसून ते वाचणार आणि आणखी चार दिवस जेवणार नाही, हे मला दिसत होतं.

कारण काय दिलं माहीत आहे? परत आलेली वस्तू आणि आपल्या पानावरचा फोटो "सारखे दिसतात". बाहेरचं वेष्टनही आपलंच. म्हणजे पंचा! तुमच्या पंचानंच तुमच्यावर साक्ष दिली. मी त्यांना लिहिलं की ती छापील आहे. उत्तर आलं, "तुमची अडचण आम्ही समजतो." पुन्हा लिहिलं की आमची हातशिलाई आहे, ही मशीनवरची. "तुमची अडचण आम्ही समजतो." पालथ्या घड्यावर पाणी! समजणारी इतकी माणसं एका ठिकाणी जमलेली मी याआधी पाहिली नव्हती.

वर आणखी एक इशारा. गिऱ्हाइकांशी वाद घालणाऱ्या विक्रेत्यांचं खातं तपासलं जातं म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे चौकीदारही चोराबरोबर बोंबलतो आहे.

आणि तुमच्या भावाचं, गंधारचं सांगते. शाळेतून येतो, चप्पल काढतो, तुमच्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. मी विचारलं, "काय पाहिजे?" तर म्हणे "काही नाही, पंखा चालू राहिलाय का बघत होतो." तुमच्या खोलीचा पंखा तुम्ही गेल्यापासून बंदच आहे. परवा भाजीत मीठ विसरले. मुकाट्यानं जेवला. एरवी अशा वेळी त्यानं मीठ-साखरेवर व्याख्यान दिलं असतं.

तर काल संध्याकाळी मी त्या नाशिककराची तक्रार पुन्हा उघडून बसले. उपयोगासाठी नाही, संताप ताजा ठेवायला. गंधार वह्या तपासत होता. त्याला ऐकवायला मी त्या माणसाचा आवाज काढून नाटकी वाचत होते, "कोपऱ्यात तांदळासारखे कडक दाणे आहेत, झोपताना टोचतात, वस्तू सदोष आहे, त्यामुळे परत करत आहे..."

गंधारनं लाल पेन खाली ठेवलं. "पुन्हा वाच."

"कशाला? माझा आवाज आवडला का?"

"त्यामुळे परत करत आहे, असं लिहिलंय ना त्यानं? काय आहे म्हणून परत करतोय?"

"तांदूळ आहेत म्हणून."

"मग परत आलेल्या दुलईत तांदूळ कुठे आहेत?"

ताई, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! आपण सगळे ती दुलई आपली नाही हे सांगत बसलो. ती त्याच्याच तक्रारीतली नाही, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यानं स्वतःच लिहून दिलंय की त्याच्याकडे पोचलेल्या गोधडीत दाणे होते. फोटोही त्यानंच काढलाय. आणि रिटर्नचं कारणही तेच.

मी कात्री आणली. गंधारनं फोन धरला. मी आधी त्याची तक्रार कॅमेऱ्याला दाखवली, मग त्याचा फोटो, मग दुलईचा एक कोपरा. शिवण शाबूत, कुठे उसवलेलं नाही. कापला, आत पांढरा भुसभुशीत कापूस, तोही खोटा. दुसरा कापला, तसाच. तिसऱ्याला मी कात्री घाईघाईनं चालवायला लागले. गंधार म्हणाला, "सावकाश." चौथा कोपरा कापला, आतलं सगळं ताटात झाडलं. एक दाणासुद्धा नाही.

काही सापडलं नाही म्हणून दोन पिकली माणसं घरात नाचली, असं आपल्या आळीत आजवर झालं नसेल. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "पगारवाढ का हो?" मी म्हटलं, "त्याहून मोठं!"

दावा पुन्हा टाकला आहे. या वेळी खरंच सांगते, कारण अजून उत्तर आलेलं नाही.

निवेदिता

ता. क. "घास" म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायचं होतं. मी बराच वेळ शब्द शोधले. शेवटी आईंचंच वाक्य लिहिलं, "रिकाम्या पोटी ऊब देता येत नाही, म्हणून गोधडीलाही दोन दाणे." त्यांना पटो न पटो, मला लिहिताना बरं वाटलं.

भिवंडी, शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

ताई,

मंजूर झाला! ओट्यावर जपून बसा, मग पुढे वाचा.

दुपारी फोन आला. बाई होती, चांगल्या आवाजाची. "मॅडम, आपका क्लेम अप्रूव्ह हो गया है. कस्टमर ने गलत प्रॉडक्ट रिटर्न किया था. आपका पूरा पैसा आ जाएगा. मैं टिकट बंद कर दूँ?"

मी म्हटलं, "नहीं."

ती बिचारी मला समजावू लागली. "मॅडम, पैसा मिल रहा है."

"पैसा मत दो. माल वापस दो."

"मॅडम, हमारी पॉलिसी में सेलर प्रोटेक्शन मतलब पैसा होता है. माल तो आप फिर से बना लोगे ना?"

मला काय वाटलं ते कसं सांगू. फिर से बना लोगे! मी भिवंडीच्या हिंदीत जेवढा जोर असतो तेवढा लावला. "बेटा, वो बनानेवाली नहीं रही. वो मेरी सास की लुगडी है, गलती से बिक गयी. उनके हाथ के टाके है. तुम्हारा पैसा लेके मैं मेरी नणंद को क्या मुँह दिखाऊँ?"

लुगडी, टाके, नणंद हे शब्द तिला कळले की नाही, देव जाणे. पण तिनं पॉलिसीचं बोलणं सोडलं. मग म्हणाली, "मॅडम, पुरानी चीज़ है?"

"पुरानी है, इसीलिए तो."

तिनं सांगितलं त्याचा अर्थ असा. चुकीची वस्तू परत केली हे एकदा ठरलं, की गिऱ्हाइकाला परत दिलेले पैसे ते अडवू शकतात आणि खरी वस्तू पाठवायला त्याला मुदत देऊ शकतात. नाही पाठवली तर त्याचं खातं बंद. पण बहुतेक विक्रेते पैसे मिळाले की तक्रार बंद करतात, म्हणून ती पायरी कोणी चढतच नाही. आणि ती पायरी चढूनही त्यानं वस्तू दिली नाही तर? तर त्याचं खातं बंद होईल आणि गोधडी त्याच्याकडेच राहील. "आप सोच लीजिए, मॅडम."

मी गंधारकडे बघितलं. तो सगळं ऐकत उभा होता. म्हणाला, "पैसे घेतले तर ती नक्कीच जाईल. न घेता निदान यायची शक्यता आहे." गणिताच्या मास्तरांचं शेवटी असं असतं. मग स्वतःच फोनजवळ वाकून जोरात म्हणाला, "टिकट खुला रखो!"

तर टिकट, म्हणजे त्यांच्याकडची तक्रार, खुलं आहे. दावा टाकल्यापासून रोज सकाळी त्यांचा संदेश येतो, "तुमची समस्या सुटली का?" मी रोज "नाही" दाबते. तुळशीला पाणी घातल्यावर हेच माझं दुसरं काम.

मोरू म्हणाला की तुम्ही दुसरं पत्र उभ्यानंच वाचलंत आणि "नाचली" या शब्दाशी हसलात. त्याला कसं कळलं कुठला शब्द ते? म्हणे, "त्या मोठ्यानं म्हनाल्या, नाचली म्हनं, आनि तोंडाव पदर धरला." ताई, हसलात हे चांगलं केलंत. पण उत्तरही लिहायला हरकत नव्हती.

पार्वती काल आली होती. नव्या गोधड्यांचे काठ तिला जमत नाहीत. "तुमी दावा ना वैनी." मी दाखवलं. तिनं माझे टाके बघितले आणि सुईदोरा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ताई कवा येतील?" मी म्हटलं, दिवाळीत. हे मी तुम्हाला न विचारता सांगितलंय.

निवेदिता

भिवंडी, सोमवार, २० ऑक्टोबर

ताई,

थोडंच लिहिते, कढईत तेल तापलं आहे.

त्या माणसाचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहिते. "आमच्याकडे दोन गोधड्या होत्या, घाईत चुकून दुसरी पाठवली गेली. खरी पाठवत आहे."

चुकून! इतकी चूक की पंचाही आपलाच गुंडाळला आणि गाठही तशीच मारली. पण मी त्याला काही लिहिलं नाही. खातं बंद व्हायच्या भीतीनं का होईना, पाठवतो आहे ना? चोरानं पाय धरले की त्याच्या पायात कुठली चप्पल आहे ते बघू नये, असं आई म्हणायच्या. तुम्ही म्हणाल, असं काही आई म्हणत नसत. नसतीलही. आज मला वाटतंय की म्हणायच्या.

पार्सल मानकोलीच्या गोदामात पोचलं की दीपेश स्वतः आणून देणार आहे. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "वैनी, त्या खोक्याला मी कोनाचा हात लागू देनार न्हाय."

आत नेमकं काय असेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही. पुन्हा छापीलच निघाली तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. तुम्ही तिथे देवाला सांगा. इथल्या देवाला मी सांगितलं आहे, पण तुमचं तो जास्त ऐकतो.

चकल्या तुमच्यासारख्या कुरकुरीत झाल्या नाहीत. गंधारनं त्यावरही व्याख्यान दिलं नाही.

निवेदिता

भिवंडी, बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

ताई, विद्युल्लताताई, वन्सं, जे आवडेल ते,

आली.

आधीच लिहून टाकलं, कारण तुम्ही शेवटचं पान आधी बघता हे मला माहीत आहे. आता नीट पहिल्यापासून वाचा.

सकाळी मी गंधारला ओवाळलं. ताट अजून ओट्यावरच होतं, तेवढ्यात दीपेशची हाक आली. सणाच्या दिवशी, नवीन शर्ट घालून आला होता. खोकं दोन्ही हातांनी धरलेलं. आत यायला तयार होईना. म्हणाला, "उघडा तुमी, मी हितंच थांबतो. गलत निघाला तर आत्ताच परत नेतो."

गंधारनं फोन धरला. मी खोकं उघडलं. या वेळी पंचा नव्हता, प्लास्टिकची पिशवी होती. मला वाटलं, पुन्हा छापीलच. पिशवी फाडली आणि ताई, आधी वास आला. नाशिकचा कुठला तरी अत्तराचा वास होता वर, पण खाली आपल्या ट्रंकेतला, धुऊनही न गेलेला, कडुनिंबाच्या पाल्याचा. मग तो अंजिरी काठ, आईंच्या रोजच्या लुगड्याचा, आणि मधोमध हळदीच्या डागाचं ते ठिगळ, ज्यावरून त्या आणि मी आयुष्यभर भांडलो. डाग माझ्या हातचा होता ना. त्यांनी मुद्दाम मधोमध लावलं होतं, "सुनेची आठवण" म्हणून. आज तो डाग बघून मला इतका आनंद झाला की मी त्यावर गाल टेकवला.

गंधार कोपरे चाचपत होता. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा उसवलेला होता, त्या माणसानं उसवला तसाच. आत बोट घातलं. रिकामा. दाणे वाटेत कुठे सांडले, की त्यानं झाडून टाकले, कोण जाणे. गंधारचा चेहरा पडला. मग तो बोट तसंच आत ठेवून थांबला आणि म्हणाला, "आहे. एक आहे. शिवणीत अडकलाय."

मी म्हटलं, "काढू नकोस."

"काढत नाही."

आणि तो रडला. मास्तर रडला, ताई. दीपेश दारात उभा, मी जमिनीवर बसलेली आणि तुमचा भाऊ गोधडीच्या कोपऱ्यात बोट घालून लहान पोरासारखा रडतोय. नंतर व्हिडिओ बघितला. गंधारनं फोन उलटाच धरला होता, सगळ्या व्हिडिओत छत आणि पंखा. गोधडी एकदाही दिसत नाही, फक्त आमचे आवाज आहेत. बाजारवाल्यांनी तो व्हिडिओ मागितला असता तर आम्ही पुन्हा हरलो असतो. पण आता मागणार नाहीत. "तुमची समस्या सुटली का?" असा संदेश आला होता, मी "हो" दाबलं. मी तिथेच गोधडीवर आडवी झाले आणि दुपारपर्यंत झोपले. सणाच्या दिवशी, स्वयंपाक न करता. गंधारनं दीपेशला फराळ दिला आणि आमच्यासाठी खिचडी टाकली. करपली होती. इतकं चविष्ट मी वर्षात काही खाल्लं नाही.

खिचडी खाताना गंधार म्हणाला, "मी ताईला 'विकलीस' म्हणालो."

मी म्हटलं, "हो, म्हणालास."

"आईची एवढी एक वस्तू राहिली, असंही म्हणालो. आणि ताई कोण राहिली, हे कसं विसरलो?"

हे त्यानं तुम्हाला सांगायला हवं, मला नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "सांगतो. पत्रात नको, तोंडानं सांगतो."

म्हणून हे पत्र मोरू आणणार नाही. उद्या भाऊबीज. गंधार सकाळी स्कूटरवरून निघेल आणि हे तुमच्या हातात देईल. तो रिकाम्या हातानं येतो आहे, रागावू नका. गोधडी पाठवत नाही. ती आता कुठल्या खोक्यात, कुठल्या गाडीवर चढणार नाही, हे मी ठरवलंय. ओवाळायचं इथेच, आपल्या पाटावर. आत्यालाही घेऊन या, येऊ दे तिची मतं.

कोपरा मी शिवलेला नाही. मन झालं होतं. सुई उचललीही, पण माझे टाके पार्वतीलासुद्धा पटत नाहीत, तर आईंना काय पटणार? आणि खरं सांगू का, तो कोपरा उघडा आहे तोवर तुमची वाट बघायला मला कारण आहे.

आईंचा एक दाणा आत आहे. बाकीचे तुम्ही घाला. तांदूळ निवडून वाटीत ठेवले आहेत. तुमची बारीक सुई मात्र इथे सापडली नाही. एवढ्या रागात घर सोडताना तुम्ही छत्री, औषधं, फोनचा चार्जर सगळं विसरलात, पण सुई घेऊन गेलात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्ही येणार.

गोधडी उपाशी आहे, ताई.

तुमची,
निवेदिता